चाळीस गाईंची ऊब

१२ डिसेंबर १९९६, गुरुवार

आज पुन्हा पुस्तकगाडी सुरू झाली नाही. ड्रायव्हर इवाबुची-सान सीटवर बसून सेल मारत राहिले आणि मी बाहेर काखेत हात घालून उभी. गाडी आधी खोकली, मग कण्हली, शेवटी नुसतं टक् टक्. नगरपालिकेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उणे एकोणीस होतं. अशा थंडीत डिझेल इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरीचा जीव निम्मा होतो, हे मी पुण्याच्या शाळेत पंधरा वर्षं फिजिक्स शिकवताना सांगितलंही असेल. पण पुण्यात कुणाचं इंजिन गारठून बसलेलं बघायची वेळ कधी आली नव्हती.

इवाबुची-सानचे उपाय ठरलेले आहेत. रात्री रेडिएटरसमोर पुठ्ठे लावायचे, वर जुनं ब्लँकेट, सकाळी किटलीने गरम पाणी ओतायचं. आज तिन्ही वाया गेले. डोंगरापलीकडच्या छोट्या शाळेतली मुलं बर्फात उभी राहून वाट बघत होती, असं तिथल्या बाईंनी फोनवर सांगितलं. मला फार लागलं ते.

नवऱ्याची, श्यामची, बदली त्सुकुबाहून इथे होक्काइदोत झाली तेव्हा वाटलं होतं, बटाट्याच्या संशोधनावर तो येणार आणि मी खिडकीतून बर्फ बघणार. मग ही मदतनिसाची अर्धवेळ नोकरी मिळाली. आठवड्यातून दोनदा शेतावरच्या घरांना पुस्तकं न्यायची. कुदो-सानच्या गोठ्यावर पहिल्यांदा गेले, तर त्यांच्या बायकोने मला "सेन्सेइ" म्हटलं. शिक्षिका. तीन वर्षांत या देशात मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. तेव्हापासून ही गाडी माझी आहे, असं मी धरून चालले आहे.

माझ्या लेकीला, कादंबरीला, मात्र माझ्या नोकरीची लाज वाटते. परवा शाळेजवळ मी गाडीतून हात केला, तर ही तेरा वर्षांची बाई मैत्रिणींच्या मागे लपली. "आई, प्लीज. हाझुकाशी." लाज वाटते म्हणे.

१७ डिसेंबर, मंगळवार

ओगावा-सानने बोलावलं. ते आमच्या विभागाचे प्रमुख, अत्यंत सभ्य माणूस. चहा दिला, हवेबद्दल बोलले, मग म्हणाले, "हिवाळ्यातल्या फेऱ्या... जरा अवघड आहे." जपानमध्ये अवघड आहे म्हणजे होणार नाही. गाडी अशीच बसत राहिली तर फेब्रुवारीतल्या समितीच्या सभेत थंडीतल्या फेऱ्या बंद करायचा ठराव येईल.

इंजिनाला विजेचा हिटर लावू या, असं मी सुचवलं. शेडचं वायरिंग जुनं आहे, रात्रभर चालू ठेवता येणार नाही. इवाबुची-सान म्हणाले, त्यांच्या तरुणपणी लाकूडतोडीच्या छावणीत ट्रकच्या ऑइलच्या टाकीखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचे. ओगावा-सानचा चेहरा पांढरा पडला. "पुस्तकं आहेत हो त्यात!"

बाहेर आल्यावर इवाबुची-सान म्हणाले, "मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. गाडी माझ्याआधी जाईल असं वाटलं नव्हतं." जपानीत धीर कसा देतात ते मला येत नाही. मराठीत तरी कुठे येतं?

२४ डिसेंबर, मंगळवार

आज गाडी कशीबशी निघाली आणि मला कल्पना सुचली!

कुदो-सानची बायको, हारुए-सान, दूध काढत होती म्हणून मी पुस्तकं घेऊन सरळ गोठ्यातच गेले. दार सरकवलं आणि चष्म्यावर एकदम वाफ. काहीच दिसेना. चष्मा पुसला तेव्हा लक्षात आलं की बाहेर नाकातले केस गोठतायत आणि इथे मला मफलर सोडावासा वाटतोय. "शेगडी कुठे आहे?" मी विचारलं. हारुए-सान हसली. "शेगडी कशाला? गाई आहेत ना."

चाळीस गाई. घरी येऊन हिशेब मांडला. दुभती गाय दिवसरात्र मिळून साधारण एका विजेच्या हिटरइतकी उष्णता बाहेर टाकते. म्हणजे गावाच्या कडेला चाळीस हिटर रात्रभर चालू आहेत, वायरिंगशिवाय, आणि आपण गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतोय! इंजिन तापवायचंच नाही. ते थंड होऊच द्यायचं नाही.

श्यामला सांगितलं तर तो वरणभातात ठसका लागेपर्यंत हसला. "विभा, तू नगरपालिकेची गाडी गोठ्यात बांधणार?"

"बांधणार," मी म्हटलं.

कादंबरी मान खाली घालून जेवत होती. तिला विचारलं, तुला काय वाटतं? "बेत्सु नि." विशेष काही नाही. तिचं हे ठरलेलं उत्तर. नंतर भांडी घासताना मात्र येऊन विचारलं, "एका गाईचे किती वॉट म्हणालीस?" आकडा ऐकून खोलीत निघून गेली. फिजिक्सचा होमवर्क असणार.

७ जानेवारी १९९७, मंगळवार

गाडी बंद. दिवसभर पुस्तकांवरची धूळ झटकली. इवाबुची-सान कोपऱ्यात बसून किटली घासत होते, ती आधीच चकचकीत होती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गूळ नाही, म्हणून काळ्या साखरेच्या पाकात तीळ घालून वड्या थापल्या. डबा घेऊन कुदो-सानकडे गेले. मी घाबरले की माझ्या जपानीतली क्रियापदं पळून जातात, त्यामुळे दुभाषी म्हणून कादंबरीला ओढत नेलं. सुट्टी होती तरी वाटभर तोंड फुगवून होती.

कुदो-सान म्हणजे कमी बोलणारा, रुंद माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही. दार उघडं राहिलं की गाईंना वारा लागतो. वारा लागला की दूध कमी होतं."

मी कादंबरीला म्हटलं, सांग त्यांना, वारा लागणार नाही याची जबाबदारी माझी, आणि इंजिन आत चालवणार नाही. एवढंच. दोन वाक्यं.

पोरगी बोलतच सुटली! चांगली पाच मिनिटं. मध्ये "पुणे" ऐकू आलं, "फिजिक्स" ऐकू आलं, "हाहा" म्हणजे "माझी आई", हे चार-पाच वेळा तरी. कुदो-सानने दोनदा माझ्याकडे बघितलं, दुसऱ्यांदा तर टोपी काढली. हारुए-सान डोळे टिपत होती, तीळ घशात अडकला असावा. शेवटी ते म्हणाले, "एक आठवडा करून बघू."

परत येताना मी कादंबरीला म्हटलं, "दोन वाक्यांचं इतकं काय गं पाल्हाळ?"

"आई, जपानीत असंच सांगावं लागतं," ती म्हणाली. असेल. ही भाषा फारच लांबण लावते.

१७ जानेवारी, शुक्रवार

फजिती. लिहायलाही नको वाटतंय, पण लिहिते.

बुधवारी संध्याकाळी अख्खी गाडी गोठ्याच्या चारा ठेवायच्या भागात नेऊन ठेवली. गुरुवारी सकाळी पहिल्या झटक्याला सुरू! इवाबुची-सानने स्टिअरिंगवर चक्क थाप मारली. मी हवेत. मग मागचं दार उघडलं.

गाईंच्या श्वासात किती पाणी असतं याचा हिशेब मी केलाच नव्हता. पुस्तकांची पानं लाटांसारखी उठलेली, कव्हरांवर दव, आणि वास असा की कुठलीही गोष्ट शेणाचीच वाटावी. आज ओगावा-सान आत डोकावले, दोनदा हुंगलं आणि अतिशय नम्रपणे नाकावर रुमाल धरला. "जरा अवघड आहे," म्हणाले.

स्वतःला शास्त्र शिकवणारी म्हणवते. उष्णतेचा विचार केला, वाफेचा नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनेसुद्धा विचारलं असतं. दोन्ही खोल्यांत दोऱ्या बांधून पुस्तकं वाळत घातली आहेत. श्याम आज हसला नाही. मुकाट्याने इस्त्री काढून एकेक पान कोरडं करत बसला. तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

हे सगळं मी मुलांसाठी करतेय की पुन्हा कुणीतरी मला मॅडम म्हणावं म्हणून? खरं उत्तर दोन्ही. त्यात वाईट काय आहे, तेही मला कळत नाही.

२० जानेवारी, सोमवार

सापडलं! इंजिन कुठे आहे? ड्रायव्हरच्या सीटखाली. पुस्तकं कुठे आहेत? मागच्या डब्यात. मग अख्खी गाडी आत कशाला? नुसतं नाक आत घालायचं! केबिन गोठ्यात, डबा बाहेर कोरड्या थंडीत. पुस्तकांना थंडीने काही होत नाही. आणि धुराचा पाइप गाडीच्या शेपटीला, म्हणजे सुरू करताना धूरही बाहेरच राहील. हे शेवटचं सुचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

राहिली केबिनभोवतीची फट. तिच्यातून वारा आला तर कुदो-सान हाकलून देतील. त्यासाठी पडदा हवा, जाड, दाराच्या तुळईपासून जमिनीपर्यंत. विकत असला पडदा मिळत नाही. पण गोधडी शिवता येते.

ट्रंकेतल्या दोन सुती साड्या, जुन्या चादरी, श्यामचे विरलेले शर्ट सगळं काढलं. बाहेरून ताडपत्री. घरभर पसरून धावदोरा घालत बसले आहे, जेवायला टेबलापर्यंत जाता येत नाही. कादंबरीने तिचा निळा जाड कोट आणून टाकला. "हा पण घाल मध्ये. जुना झालाय." मागच्या हिवाळ्यात तर घेतला होता! आजकालच्या मुलांना वस्तूंची किंमत नाही. पण कापूस उत्तम होता. उसवला आणि भरला.

३० जानेवारी, गुरुवार

दुसऱ्या आठवड्यातही एकदाही दगा नाही. संध्याकाळी इवाबुची-सान गाडी सरळ दारात नेतात, बरोबर केबिनपुरती आत. बॅटरी काढून गोठ्यातल्या फळीवर. मग मी आणि हारुए-सान दोन बाजूंनी गोधडीचे बंद बांधतो. सकाळी दोन्ही बाजूंना गाई रवंथ करत असतात आणि मध्ये आमच्या गाडीचं तोंड, तीही त्यांच्यातलीच वाटते. एका गाईने आरसा चाटून लख्ख केला आहे. दूध कमी झालेलं नाही, कुदो-सानने स्वतःहून सांगितलं. त्यांच्या तोंडून एवढं वाक्य म्हणजे भाषणच.

आज कादंबरीच्या शाळेत पालकसभा होती. वर्गशिक्षक मला बघून उठून उभे राहिले. "चाळीस हिटरची कल्पना फारच सुंदर! आम्ही वर्गात फळ्यावर गणितही करून पाहिलं." मी चकित. यांना कुठून कळलं? ओगावा-सानने सांगितलं असणार. वरवर कोरडे आहेत, पण आतून माणूस चांगला.

कादंबरी शेजारी बसून बूट बघत होती. तिला किती अवघडल्यासारखं होत असेल, आई गोठ्यात काम करते म्हणून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं लिहून काढायचं आहे.

सकाळी रेडिओवर सांगितलं, या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी. उणे सत्तावीस. पाठोपाठ इवाबुची-सानच्या घरून फोन, त्यांना ताप, अंथरुणातून उठता येत नाही. मग ओगावा-सानचा फोन. "आजची फेरी रद्द करू या."

मी म्हटलं, "गाडी गरम आहे."

"पण ड्रायव्हर?"

"माझ्याकडे लायसन्स आहे. त्सुकुबात तीन वर्षं चालवली आहे."

एक मात्र सांगितलं नाही. त्सुकुबात मी चालवली ती छोटी कार, सपाट रस्त्यांवर. मग ते म्हणाले, "नियमाप्रमाणे गाडीत दोघं लागतात." आणि जरा थांबून, "मी येतो."

आले. सुटाखाली रबरी बूट. गोठ्याच्या अंगणात कुदो-सानचा स्वतःचा ट्रॅक्टर ढिम्म हलत नव्हता, ते त्याच्यावर वाकून शिव्या घालत होते. मी बॅटरी जोडली, हारुए-सानने गोधडीचे बंद सोडले, मी आत बसून किल्ली फिरवली.

एक झटका. सुरू!

कुदो-सान ट्रॅक्टर सोडून वळले. आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, शर्यत जिंकल्यावर करतात तसे. मी गाडी हळूच मागे घेतली, हारुए-सानने लगोलग दार ओढून घेतलं, आणि निघाले.

रस्ता काचेसारखा. घाटात ओगावा-सान दारावरची मूठ घट्ट धरून बसले होते आणि चेहऱ्यावर सभ्य हसू. एका वळणावर मागचं चाक घसरलं. मी ब्रेकला पाय लावला नाही. इवाबुची-सान मला रोज तेच सांगायचे, घाबरलं की ब्रेक नाही, नुसता पाय उचलायचा. उचलला. गाडी सरळ झाली. ओगावा-सान म्हणाले, "फिजिक्स?" मी म्हटलं, "इवाबुची-सान." तेव्हा पहिल्यांदा ते खरं हसले.

डोंगरापलीकडच्या शाळेत मुलं खिडक्यांना नाकं चिकटवून होती. गाडी दिसताच बाहेर धावली आणि सगळी एका सुरात ओरडली, "गोदादी! गोदादी!" मला आधी कळेना. गोधडी! माझी गोधडी! हा शब्द इथपर्यंत कसा आला? इवाबुची-सानने शिकवला असणार, पण त्यांना तर "विभा" पण नीट म्हणता येत नाही, "बिबा-सान" म्हणतात. एक मुलगी म्हणाली, मोठ्या शाळेतल्या ताईने फोनवर सांगितलं. कोण ताई, ते विचारायचं राहिलं, कारण ओगावा-सान पुस्तकांचे क्रेट स्वतः उचलून आत नेत होते आणि मला त्यांच्यामागे धावावं लागलं.

परत येताना त्यांनी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"फार वाटली," मी म्हटलं.

मला स्वतःचा अभिमान वाटतोय. मराठी बायकांनी असं लिहायचं नसतं, पण ही वही माझी आहे. वाटतोय!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

समितीची सभा. मी आणि इवाबुची-सान मागच्या खुर्च्यांवर, ते मास्क लावून. मी साडी नेसले होते, आत लोकरीच्या दोन पँट. या सभेला प्रेक्षक म्हणून कुणी येत नाही म्हणतात, पण आज सगळ्या खुर्च्या भरल्या. कादंबरीचा अख्खा वर्ग शिक्षकांसह हजर! गावाचा कारभार कसा चालतो ते बघायला आणलं होतं. शिक्षक म्हणाले, एका विद्यार्थिनीने फारच हट्ट धरला. समितीतल्या कुणाची तरी मुलगी असेल. कादंबरीने मला सकाळी सांगितलंसुद्धा नव्हतं.

ओगावा-सान बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "सहा तारखेला उणे सत्तावीसमध्ये गावात बऱ्याच गाड्या बंद होत्या. पुस्तकगाडी निघाली. मी तिच्यात होतो." बस्स, एवढंच, आणि बसले. एका सदस्याने विचारलं, वासाचं काय? तर मागून कुदो-सान उठले, ते आलेत हेच मला ठाऊक नव्हतं, आणि म्हणाले, "पुस्तकं बाहेर असतात. तुम्ही येऊन हुंगा."

सगळे हसले. ठराव आलाच नाही. हिवाळ्यातल्या फेऱ्या चालू राहणार. वर ओगावा-सानने मला बाजूला घेऊन विचारलं, एप्रिलपासून तुम्ही गाडी चालवाल का? इवाबुची-सानने माझं नाव सुचवलंय. मी इवाबुची-सानकडे पाहिलं, तर ते घाईघाईने मास्क नीट करत होते.

मुलांच्या रांगांमधून सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं ते मला दिसलं नाही, पुढे एक उंच मुलगा उभा होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

नगरपालिकेच्या मासिकात गाडीची बातमी येणार. ओगावा-सान म्हणाले, गोठ्यात नाक घातलेल्या गाडीचा फोटो पाठवा. श्यामचा कॅमेरा घेऊन आम्ही तिघंही गेलो. कादंबरी म्हणाली, मी काढते. मी म्हटलं, तूही ये की फोटोत. "याडा," नाही म्हणजे नाही. मैत्रिणींनी पाहिलं तर!

मग मात्र हिने फारच त्रास दिला. "आई, इकडे बघ. आई, टोपी काढ. आई, हात स्टिअरिंगवर ठेव ना. हस ना जरा." मी म्हटलं, अगं, फोटो गाडीचा आहे, गोधडीचा आहे, माझं काय मध्येमध्ये? गाईसुद्धा कंटाळल्या. रोल संपला तरी तिला अजून एक हवा होता. कुदो-सान श्यामला काहीतरी म्हणाले आणि दोघं माझ्याकडे बघून हसले. श्यामला विचारलं, काय म्हणाले? तर तो कधी नव्हे ते जपानीत म्हणाला, "बेत्सु नि."

१ मार्च, शनिवार

फोटो धुऊन आले. पाकीट उघडलं आणि कपाळावर हात मारला. अख्ख्या रोलमध्ये गाडी नीट कुठेच नाही. गोठा नाही, गाई नाहीत, एवढ्या मेहनतीची गोधडी नाही. सगळीकडे मीच. मी हसताना, मी रागावताना, मी गाडीच्या दारात, मी स्टिअरिंगवर, एकात तर नुसता माझा चेहरा, चौकट भरून. मागे एका कोपऱ्यात गाईचा अर्धा कान.

ओगावा-सानना नवा फोटो काढून घ्यावा लागणार. कादंबरीला हाक मारून म्हटलं, "अगं, सांगितलं काय होतं आणि काढलंस काय?"

तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं, चौकट भरून चेहरा असलेला फोटो बाजूला काढला आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात सरकवला. "हा माझा," म्हणाली, मराठीत, आणि शाळेच्या बसला पळाली.

पोरीला फोटो काढायचा काही उमज नाही.